नोटरीची सही, वकिलाची सनद

लग्नाचे किंवा काडीमोडाचे दस्त नोटरीने करून देऊ नयेत, तसे केल्यास ते गैरवर्तन ठरेल, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये लेखी बजावले. नोटरी हा विवाह अधिकारी नाही, एवढाच त्याचा आधार. यात नवे काही नव्हते. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने 2020 च्या अखेरीस हेच सुनावले होते. तरी कोर्टाच्या आवारातल्या टेबलांवर शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवरचे फारकतनामे होतच राहिले.

1881 च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याने सरकारला नोटरी नेमता येत, पण तो मामला मुख्यतः हुंड्या-बिलांचा. स्वतंत्र नोटरी कायदा 1952 चा, आणि तो अमलात आला फेब्रुवारी 1956 मध्ये.

सगळा घोळ या कायद्याच्या कलम 8 मधल्या साक्षांकनाचा आहे. नोटरी साक्षांकन करतो ते दस्त करून दिल्याचे. दस्त कायद्याने टिकतो की नाही, याचे नव्हे. लिहून देणार समोर होता, त्याची ओळख पटली, त्याने सही केली, इतकेच. 5 सेंटीमीटर व्यासाचा गोल शिक्का बसला की लोक मात्र कागद ‘पक्का’ झाला असे धरतात. नोटरीवर घेतलेला गुंठा हे त्याचे नेहमीचे उदाहरण: शंभर रुपयांवरच्या स्थावराच्या खरेदीला नोंदणी लागते, शिक्क्याने मालकी येत नाही. मजकुराशी आपला संबंध नाही, हा नोटरींचा बचाव शपथपत्रापुरता रास्त आहे. पण ‘आजपासून आम्ही पती-पत्नी नाही’ हे वाक्य वाचून शिक्का मारणाऱ्या, किमान दहा वर्षे वकिली केलेल्या माणसाच्या तोंडी तो शोभत नाही. (राखीव प्रवर्ग व महिलांना सात वर्षांची अट आहे.)

चौकशी सुरू होते नोंदवहीपासून. अनुक्रमांक दस्तावर एक आणि वहीत दुसराच, मागच्या तारखेसाठी कोरी सोडलेली ओळ, किंवा स्टॅम्प विकत घेतल्याची तारीख नोटरीच्या तारखेनंतरची. एवढ्यावर बहुतेक तक्रारी उभ्या राहतात. सर्वात जड दोष म्हणजे सही करणारा हजरच नसणे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका याचिकाकर्त्याने ‘ही याचिका मी केलीच नाही’ म्हटले, आणि शपथपत्रावर शिक्का मारणाऱ्या नोटरीसह सगळे प्रकरण सीबीआयकडे गेले.

नोटरी नियमांतल्या नियम 13 नुसार तक्रार नमुना 13 मध्ये करायची. सरकार स्वतःहूनही चौकशी लावू शकते. शिक्षा तीन: प्रमाणपत्र रद्द करून कायमची बंदी, ठरावीक मुदतीचे निलंबन, किंवा नुसती ताकीद. फौजदारी खटल्याला मात्र नोटरी कायद्याचे कलम 13 आडवे येते. नोटरी म्हणून केलेल्या कृत्याची दखल न्यायालय सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय घेत नाही. पोलिसांकडे धावणारा पक्षकार इथे हमखास अडकतो.

‘व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन’ हे शब्द 1961 च्या वकील कायद्याच्या कलम 35 मध्येही आहेत, पण दार वेगळे. तिथे तक्रार राज्याच्या वकील परिषदेकडे (बार कौन्सिलकडे) जाते, आणि समिती सनद निलंबित वा रद्द करू शकते. शपथपत्र करणाऱ्याची ओळख पटवणारी सही केली म्हणून त्यातल्या मजकुराला वकील बांधील होत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या एका वकिलावरची अशी कारवाई मोडीत काढली. ओळख पटवणे आणि शिक्का मारणे ही दोन कामे आहेत, हे त्या निकालाचा दाखला देणारे पुष्कळदा विसरतात.

नोटरीचे प्रमाणपत्र गेले तरी सनद आपोआप जात नाही. त्यासाठी दुसरी तक्रार, दुसरी चौकशी. तोवर तोच माणूस शेजारच्या टेबलावर ओळख पटवणारा वकील म्हणून सही करू शकतो.