प्रीलोड आणि स्प्रिंग रेट: मागचा शॉक बदलताना होणारी गल्लत

स्पोर्ट बाइकला नवा आफ्टरमार्केट शॉक बसवला, चार दिवस चालवली, मागून गाडी जरा बसतेय असं वाटलं. मग गॅरेजमध्ये सांगायचं, "शॉकअप थोडा कडक करा." मेकॅनिक सी-स्पॅनर लावतो, कॉलर (स्प्रिंगच्या टोकाशी असलेली आट्यांची रिंग) दोन फेऱ्या आवळतो, सीट दाबून बघतो आणि म्हणतो, झाला कडक. हाताला तसं जाणवतंही. पण स्प्रिंग आधी होती तेवढीच कडक आहे. बदलला तो प्रीलोड. स्प्रिंग रेट बदलायला स्प्रिंगच बदलावी लागते. महागडा शॉक घेऊनही पाठीत दणके बसतात त्यामागे बहुतेक वेळा हीच गल्लत असते, शॉकचा दोष नसतो.

स्प्रिंग रेट म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारं बल. अकरावीच्या भौतिकशास्त्रातला हूकचा नियम तो हाच. ८० न्यूटन/मिमीची स्प्रिंग पहिला मिलिमीटर दाबायला ८० न्यूटन घेते, तिसावा दाबायलाही ८० न्यूटनच घेते. हा गुण तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो, आणि यातलं काहीही कॉलर फिरवून बदलत नाही. स्प्रिंग विकत घेताना एकक नीट बघा. कुठे न्यूटन/मिमी लिहितात, कुठे किलो/मिमी, कुठे पौंड/इंच. ९.५ किलो/मिमी, ९३ न्यूटन/मिमी आणि ५३२ पौंड/इंच ही एकाच स्प्रिंगची तीन नावं आहेत.

प्रीलोड म्हणजे शॉक पूर्ण उघडा असताना, चाक अधांतरी असताना, स्प्रिंग कॉलरने किती दाबून ठेवली आहे ते अंतर. सुटी स्प्रिंग १६० मिमी आणि शॉकवर बसवल्यावर १४८ मिमी, तर प्रीलोड १२ मिमी. ८० च्या स्प्रिंगला याचा अर्थ असा की शॉक हलायलाच ९६० न्यूटन लागणार. तो उंबरठा ओलांडला की पुढचा प्रत्येक मिलिमीटर पुन्हा ८० न्यूटनचाच. आणि आपण गाडीवर बसतो तेव्हा हा उंबरठा केव्हाच ओलांडलेला असतो. म्हणून कॉलर आवळल्याने चालत्या गाडीची स्प्रिंग कडक होत नाही, गाडी मागून वर उचलली जाते.

किती वर उचलली जाते, ते शॉकची जोडणी कशी आहे त्यावर आहे. कावासाकी निन्जा ३०० ला युनि-ट्रॅक लिंकेज आहे, म्हणजे शॉक आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता हात) यांच्यामध्ये सांध्यांची जोडणी आहे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम आरसी ३९० ला लिंकेज नाही, शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला आहे. दोन्हीकडे चाक जितकं हलतं त्यापेक्षा शॉक कमी हलतो. हिशेबासाठी आपण चाक २ मिमी तेव्हा शॉक १ मिमी असं गुणोत्तर धरू. प्रत्यक्षात ते गाडीगणिक वेगळं असतं आणि लिंकेज असेल तर चाक वर जाईल तसं बदलतंही. २ च्या गुणोत्तरात प्रीलोड १ मिमी वाढवला की गाडी मागे २ मिमी उचलते. कडकपणा मात्र चाकाशी पोचेपर्यंत चौपट घटतो: अंतर दुप्पट आणि बल निम्मं, त्यामुळे शॉकवरची ८० ची स्प्रिंग चाकाला २० न्यूटन/मिमी वाटते. मित्राच्या गाडीला कुठली स्प्रिंग बसली हे ऐकून आपल्या वेगळ्या गाडीला तीच मागवणं चुकीचं ठरतं ते यामुळे.

दोन सॅग आणि त्यांच्यातला फरक

सॅग म्हणजे भाराखाली गाडी मागून किती बसते ते अंतर. गडबड प्रीलोडची आहे की स्प्रिंग रेटची, हे सॅगवरून ओळखायला टेप आणि दोन माणसांची मदत पुरते. मागच्या ॲक्सलपासून सरळ वर टेलवर एक खूण करा आणि ते अंतर तीनदा मोजा. पहिल्यांदा गाडी उचलून, मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं असताना. दुसऱ्यांदा गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, वर कोणी नाही. तिसऱ्यांदा चालवणारा हेल्मेट, जॅकेट, बूट घालून नेहमीच्या बैठकीत, पाय फूटपेगवर; एकाने पुढून हँडल धरायचं, दुसऱ्याने मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. शॉक आणि लिंकेजमध्ये घर्षण असतं, म्हणून दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या: एकदा मागचा भाग दाबून हळूच सोडल्यावर, एकदा किंचित उचलून सोडल्यावर, आणि मधला आकडा धरा. या दोन आकड्यांत खूप तफावत येत असेल तर आधी लिंकेजचे बेअरिंग बघा, कारण ते गंजलेले किंवा कोरडे असतील तर पुढचा सगळा हिशेब फसवा निघेल. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकला मागे फ्री सॅग ५ ते १० मिमी आणि रायडर सॅग २५ ते ३५ मिमी हे बरं माप आहे.

आता हिशेब. गाडीचा मागच्या शॉकवर येणारा भार चाकाशी ६०० न्यूटन धरा. हेल्मेट-जॅकेटसह ७० किलोच्या माणसाचा मागे येणारा वाटा साधारण ४५० न्यूटन. स्प्रिंग ८० ची, म्हणजे चाकाशी २०. प्रीलोड १२ मिमी, म्हणजे चाकाशी ४८० न्यूटन. फ्री सॅग: ६०० वजा ४८०, भागिले २०, म्हणजे ६ मिमी. रायडर सॅग: १०५० वजा ४८०, भागिले २०, म्हणजे २८.५ मिमी. दोन्ही मापात बसले.

या दोन आकड्यांतला फरक २२.५ मिमी आहे. प्रीलोड १० करा की १४, फरक २२.५ च राहतो; दोन्ही सॅग एकत्र वर जातात किंवा खाली येतात. तो फरक ठरतो फक्त माणसाचं वजन आणि स्प्रिंग रेट यांवर. म्हणजे रायडर सॅग हवा तिथे आणून ठेवणं हे प्रीलोडचं काम, आणि तिथे आणल्यावर फ्री सॅग किती उरतो ते सांगतं की स्प्रिंग आपल्याजोगी आहे की नाही.

त्याच गाडीवर ९५ किलोचा माणूस बसला, त्याचा वाटा ६०० न्यूटन. रायडर सॅग ३६ वर गेला. तो ३० वर आणायला प्रीलोड १५ मिमी करावा लागतो. केला. आता चाकाशी प्रीलोडचं बल झालं ६०० न्यूटन, गाडीच्या भाराइतकंच, आणि फ्री सॅग शून्य. गाडी नुसती उभी असताना शॉक पूर्ण उघडा.

इथेच बरेच जण उलटा निष्कर्ष काढतात. उभी गाडी जराही बसत नाही, अर्थात स्प्रिंग फार कडक आहे, मऊ टाकू. प्रत्यक्षात ती फार मऊ आहे. मऊ होती म्हणूनच तिला इतकं आवळावं लागलं. याच माणसाला ९५ न्यूटन/मिमीची स्प्रिंग द्या. चाकाशी ती २३.७५ होते. ९.३ मिमी प्रीलोडला रायडर सॅग ३२ आणि फ्री सॅग ६.७ मिमी येतो. कडक स्प्रिंग, कमी प्रीलोड, दोन्ही सॅग मापात. उलट बाजूने, रायडर सॅग बरोबर आणूनही फ्री सॅग १५-२० मिमी येत असेल तर स्प्रिंग त्या माणसाला फार कडक आहे.

मग प्रीलोड वाढवल्यावर गाडी कडक का वाटते? एक कारण हाताचं: सीट दाबताना आपण नेमका तो सुरुवातीचा उंबरठा दाबत असतो. दुसरं रस्त्याचं, आणि ते गंभीर आहे. सॅग म्हणजे चाकाला खाली उतरायला राखलेली जागा. खड्डा आला की चाक खाली जाऊन रस्ता धरतं, ते याच जागेतून. प्रीलोड वाढवून ती खाल्ली की शॉक पूर्ण उघडून वरच्या टोकाला आपटतो, टायर क्षणभर हवेत राहतो, ब्रेक मारताना मागचं चाक हलकं पडून भरकटतं. हे गचके "कडकपणाचे" वाटतात, पण खाली मोठ्या खड्ड्यात तीच गाडी पुन्हा तळाला आपटते. तेही मोजून बघा: ६० मिमी स्ट्रोकच्या, म्हणजे जास्तीत जास्त ६० मिमी दबणाऱ्या शॉकला तळाला टेकवायला ८० ची स्प्रिंग १२ मिमी प्रीलोडवर ५,७६० न्यूटन घेते. प्रीलोड १८ केला तर ६,२४०, जेमतेम ८ टक्के जास्त. ९५ ची स्प्रिंग ९.३ मिमी प्रीलोडवर सुमारे ६,५८० घेते, तेही वरची जागा शाबूत ठेवून.

बसवताना

जुना शॉक खोलण्याआधी त्याचे दोन्ही सॅग मोजून लिहून ठेवा; नंतर तुलनेला दुसरं काही उरत नाही.

मागचा पॅडॉक स्टँड या कामाला चालत नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. तो स्विंगआर्मला उचलतो, आणि गाडीचं वजन स्विंगआर्मवर शॉकमार्फतच येतं. शॉकचा बोल्ट ओढला की सांगाडा खाली कोसळतो. आधार फ्रेमला हवा: दोन्ही फूटपेगच्या ब्रॅकेटखाली भक्कम जॅक स्टँड, किंवा वरच्या लोखंडी तुळईला पट्टे बांधून सबफ्रेम टांगलेली. पुढचं चाक चिमट्यात किंवा पट्ट्याने जखडलेलं, पुढचा ब्रेक लिव्हर बांधलेला. चाकाखाली एक फळी सरकवा आणि स्विंगआर्म इतकाच उचला की बोल्टावरचा भार जाईल. मग बोल्ट बोटाने सरकतो. हातोडीने ठोकायची वेळ आली तर उंची चुकली आहे, ती नीट करा, नाहीतर आटे आणि बेअरिंग दोन्ही जातील. खालचा बोल्ट आधी, वरचा नंतर.

टेबलावर जुना आणि नवा शॉक शेजारी ठेवून दोन्ही डोळ्यांच्या (बोल्ट जातो त्या भोकांच्या) मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. नवा ५ मिमी लांब असेल तर २ च्या गुणोत्तरात गाडी मागे सुमारे १० मिमी उचलेल, हँडल चपळ आणि अस्थिर होईल, साइड स्टँडवर गाडी जास्त कलेल. ही उंची प्रीलोड कमी करून खाली आणू नका. शॉकच्या खालच्या टोकाला लांबीचा ॲडजस्टर असेल तर तो वापरा. तो सॅगला हात न लावता उंची बदलतो.

प्रीलोडही इथेच मोजायचा. लॉक रिंग आधी सैल करा, आटे ब्रशने साफ करून थोडं वंगण लावा. ॲल्युमिनियमच्या आट्यांत वाळू असताना कॉलर फिरवली तर ती कायमची जाम होते. कॉलर स्प्रिंग मोकळी होईपर्यंत सोडा, मोकळी लांबी मोजा, मग कॉलर आवळून बसवलेली लांबी व्हर्निअरने मोजा. एका फेरीला किती मिलिमीटर हेही तेव्हाच कळतं आणि पुढे गाडीवर फक्त फेऱ्या मोजाव्या लागतात. शॉक पूर्ण उघडा असताना स्प्रिंग कधीच खुळखुळती नको. बनवणाऱ्याने दिलेल्या किमान आणि कमाल प्रीलोडच्या आतच राहा. पायऱ्यांच्या कॉलरचा मूळ शॉक कंप्रेसरशिवाय उघडू नका. शॉकच्या नायट्रोजनच्या टाकीचा व्हॉल्व्ह तर घरी उघडायचाच नाही.

लिंकेजचे नीडल बेअरिंग पुसून जलरोधक ग्रीस भरा, नायलॉक नट नवे घ्या, टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमधला. शॉकच्या डोळ्यात रबरी बुश असेल तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करा. टांगलेल्या स्थितीत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. शॉकची नायट्रोजनची टाकी वेगळी असेल तर तिची नळी सायलेन्सरपासून दूर, चेनपासून दूर, आणि हँडल व सीट हलवून कुठे दबत नाही हे पाहून बांधा. मागची उंची बदलली असेल तर चेन किती सैल आहे ते पुन्हा मोजावं लागतं.

नवी कडक स्प्रिंग टाकली असेल तर रिबाउंडही (दाबलेल्या शॉकच्या परत उघडण्याला आवर घालणारी सेटिंग) दोन-तीन क्लिक वाढवून बघा, कारण दाबलेली कडक स्प्रिंग जास्त जोराने परत फेकते आणि जुन्या रिबाउंडवर गाडी मागून उसळते. प्रीलोडमध्ये एखादी फेरी फिरवली तर याची गरज सहसा पडत नाही.

मागे कोणी बसणार असेल तेव्हा प्रीलोड हेच योग्य हत्यार आहे, कारण तिथे वजन काही तासांपुरतं वाढतं. वरच्या ७० किलोच्या माणसाच्या मागे आणखी एकजण बसला आणि त्याचे ५०० न्यूटन मागच्या चाकावर आले तर सॅग २८.५ वरून ५३.५ मिमीवर जातो. ६ मिमी प्रीलोड वाढवून तो ४१.५ वर येतो, गाडी तळाला टेकायला पुन्हा जागा मिळते आणि हेडलाइटही समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. किती फेऱ्या दिल्या ते फोनमध्ये लिहून ठेवा आणि एकटे निघण्याआधी तेवढ्याच परत सोडा. सोडायच्या राहिल्या तर एकट्याचा सॅग १६.५ मिमी उरतो, फ्री सॅग शून्य होतो, आणि घाटातल्या पहिल्याच उखडलेल्या वळणावर मागचं चाक रस्ता सोडायला लागतं.