मूनवॉक मायकेल जॅक्सनने शोधला नाही

‘मूनवॉक म्हणजे मायकेल जॅक्सनचा शोध’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. २५ मार्च १९८३ ला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात ‘बिली जीन’ गाताना त्याने पुढे चालल्यासारखं भासवत मागे सरकण्याची ही चाल केली. मे महिन्यात कार्यक्रम टीव्हीवर आला आणि लोक वेडे झाले, इथवर सगळं खरं.

पण टॅप नर्तक बिल बेली १९४३ च्या चित्रपटात तसाच मागे घसरत जाताना दिसतो! १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधलं त्याचं चित्रणही आहे. तेव्हा या चालीला ‘बॅकस्लाइड’ म्हणत. १९८२ मध्ये अमेरिकी गायक-नर्तक जेफ्री डॅनियलने ती ब्रिटिश टीव्हीवर केली होती, आणि जॅक्सनलाही ती शिकवली.

युक्ती वजनाची आहे. टाच उचललेल्या पायावर भार, सपाट पाय मागे सरकतो. मग पायांची अदलाबदल. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर करून बघा, कपाट मात्र लांब ठेवा.

खुद्द जॅक्सनने १९८८ च्या आत्मचरित्रात ही चाल रस्त्यावर नाचणाऱ्या कृष्णवर्णीय पोरांची असल्याचं लिहिलंय. श्रेय त्याने लाटलं नव्हतं. ते चाहत्यांनीच त्याच्या गळ्यात घातलं.