अमेरिकेतील प्रेसिडेंशियल लायब्ररी : संशोधक कार्ड, पात्रता आणि कागदपत्रे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीतील पत्रव्यवहार, टिपणे, छायाचित्रे आणि ध्वनिफिती जतन करणारी प्रेसिडेंशियल लायब्ररी ही व्यवस्था फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून सुरू झाली. हाइड पार्क येथील त्यांचे ग्रंथालय 1941 मध्ये खुले झाले. आज ही व्यवस्था नॅशनल आर्काइव्हज ही केंद्रीय संस्था पाहते. भारताच्या इतिहासाची कितीतरी साधने तेथे आहेत. पीएल-480 या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली भारतात येणाऱ्या गव्हाबाबत वॉशिंग्टनमध्ये काय खल चालला होता, हे ऑस्टिन येथील राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या ग्रंथालयात मूळ कागदांतून वाचता येते.

शालेय उपक्रमांसाठी सहसा शिक्षकांनी गटाची आगाऊ नोंदणी करावयाची असते. इंडिपेंडन्स येथील ट्रुमन ग्रंथालयात विद्यार्थी राष्ट्राध्यक्ष आणि सल्लागारांच्या भूमिका घेतात आणि एकेकाळी गोपनीय असलेली कागदपत्रे वाचून निर्णय करतात. नागरिकशास्त्र शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

मूळ कागद पाहण्यासाठी संशोधक कार्ड लागते. अर्जदाराचे वय किमान 14 वर्षे असावे, एवढीच मुख्य अट आहे. नागरिकत्व, पदवी किंवा विद्यापीठाचे शिफारसपत्र यांची अट नाही. छायाचित्र असलेले वैध सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते. भारतातून जाणाऱ्यांनी पासपोर्ट न्यावा. अर्जात नाव, पत्ता आणि संशोधनाचा विषय लिहावयाचा असतो. कार्डासाठी शुल्क नाही आणि ते एक वर्ष चालते. ग्रंथालयाला जोडलेल्या संग्रहालयाचे तिकीट मात्र वेगळे असते.

खरी तयारी घरीच करावी. प्रत्येक संग्रहाची सूची संकेतस्थळावर पाहून हव्या त्या पेट्यांचे आणि फोल्डरांचे तपशील टिपून घ्यावेत, आणि विषय स्पष्ट लिहून तेथील अभिलेखपालांना ईमेल करून भेटीची वेळ ठरवावी. ‘भारताविषयी काय आहे’ असे मोघम विचारण्यापेक्षा व्यक्ती, वर्ष आणि प्रश्न नेमका कळवल्यास कामाचे उत्तर मिळते.

वाचनकक्षात पेन, पिशवी आणि कोट नेता येत नाहीत. पेन्सिल चालते, आणि छायाचित्रे फ्लॅश न वापरता काढता येतात. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि कागदांचा क्रम बदलायचा नाही, हा नियम कसोशीने पाळला जातो व तो योग्यच आहे, कारण कागद कोणत्या कागदाशेजारी होता हाही पुरावाच असतो.

काही फोल्डरांत कागदांऐवजी फक्त एक तक्ता सापडतो. काढून ठेवलेल्या कागदाचा प्रकार, तारीख आणि तो रोखण्याचे कारण त्यावर नोंदलेले असते. हा तक्ता अवश्य उतरवून घ्यावा. जॉन्सन यांच्यासारख्या जुन्या अध्यक्षांचे दान म्हणून आलेले कागद माहिती अधिकाराच्या कायद्याखाली येत नाहीत. त्यांतील गोपनीय कागदासाठी गोपनीयता उठवण्याच्या फेरतपासणीचा अर्ज करावा लागतो. रेगन यांच्यापासूनच्या अध्यक्षीय नोंदींना 1978 चा अध्यक्षीय नोंदींचा कायदा (प्रेसिडेंशियल रेकॉर्ड्स ॲक्ट) लागू आहे, आणि अध्यक्षांनी पद सोडल्यावर पाच वर्षांनी त्यांसाठी कोणीही, परदेशी नागरिकही, माहिती अधिकाराचा अर्ज करू शकतो. काही प्रकारचे कागद मात्र 12 वर्षांपर्यंत रोखता येतात. दोन्ही मार्गांनी उत्तर येण्यास कधी कधी काही वर्षेही जातात, म्हणून प्रबंधाची मुदत जवळ येण्याची वाट न पाहता तक्ता हाती येताच अर्ज करावा.