लेसर अश्मभंजन

मूत्रमार्गातील खडा दुर्बिणीतून पाहत लेसरने फोडण्याची शस्त्रक्रिया. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. घामावाटे पाणी जाऊन लघवी दाट झाली की मुतखडा धरायला वाव मिळतो. मेडिकल व मेयो या सरकारी आणि धंतोली-रामदासपेठेतील इतर रुग्णालयांत विदर्भाबरोबरच छिंदवाडा-बालाघाटकडूनही रुग्ण येतात. बोलण्यात दुर्बिणीच्या कुठल्याही ऑपरेशनला ‘लेसरचं’ म्हणतात, ते बरोबर नाही. पित्ताशय दुर्बिणीने काढताना सहसा लेसर नसतोच.

१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाचा लेसर तयार केला आणि १९६८ च्या सुमारास तो खड्यांवर वापरून पाहिला गेला. पण उष्णता फार होई. बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांचा कार्बन डायऑक्साइड लेसर (१९६४) ऊती कापण्यात सरस ठरला, मात्र त्याचे १०.६ मायक्रोमीटरचे किरण पाण्यातच शोषले जातात आणि ते आत नेणाऱ्या साध्या काचतंतूतून जात नाहीत. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या २.१ मायक्रोमीटरच्या होल्मियम लेसरने ही अडचण सोडवली.

खडा नेमका कशाने फुटतो, यावर मतभेद आहेत. आधीच्या रंगद्रव्य लेसरचा स्पंद (किरणांचा एक झोत) सुमारे १ मायक्रोसेकंदाचा. तिथे आघातलहर खडा फोडी, हे बहुतेकांना मान्य आहे. होल्मियमचा स्पंद शेकडो मायक्रोसेकंद चालतो. तंतूच्या टोकाशी वाफेचा बुडबुडा होतो आणि त्यातून किरण खड्यापर्यंत पोचतात. बुडबुडा फुटण्याआधीच खड्याला खळगा पडतो, कोरडा खडाही फुटतो आणि युरिक आम्लाच्या खड्यातून प्रयोगशाळेत सायनाइड मिळाले आहे. त्यामुळे उष्णतेने होणारे विघटन हेच मुख्य कारण मानणे सयुक्तिक वाटते. बारीक भुकटी करताना बुडबुड्यांच्या आघाताचाही वाटा असावा, असे अलीकडचे प्रयोग सुचवतात. १.९४ मायक्रोमीटरचा थुलियम तंतू लेसर पाण्यात होल्मियमच्या सुमारे चौपट शोषला जातो.

भुकटीसाठी ०.३ ज्यूल व ५० हर्ट्‌झ (१५ वॅट), तुकड्यांसाठी १ ज्यूल व ८ ते १० हर्ट्‌झ अशी मापे ठेवतात. सुमारे २०० मायक्रोमीटरचा तंतू दुर्बीण सरळ असतानाच आत सरकवावा. वाकवलेल्या दुर्बिणीत ढकलल्यास तो आतली नळी फाडतो. टोक पडद्यावर स्पष्ट दिसल्याशिवाय पायपट्टी दाबू नये, नाहीतर दुर्बिणीची काच जळते.

खरा धोका उष्णतेचा. दुर्बिणीतून आत सोडलेल्या सलाईनचा प्रवाह थांबला आणि लेसर चालू राहिला, तर काही सेकंदांतच आतले पाणी ४३ अंशांपलीकडे जाऊन मूत्रवाहिनीचे अस्तर भाजते. पुढे तिथे मार्ग आकसून अरुंद होऊ शकतो. उलट सलाईनचा दाब वाढवला तर जंतू रक्तात शिरतात. म्हणून लघवीचे कल्चर (जंतूंची तपासणी) आधी करावे. संसर्ग असल्यास तो आटोक्यात आणल्याशिवाय खड्याला हात लावू नये.

शेवटी बहुधा डीजे स्टेंट (मूत्रपिंडातून मूत्राशयापर्यंत लघवी वाहती ठेवणारी बारीक नळी) ठेवतात आणि काही आठवड्यांत काढतात. रुग्णाला त्याची तारीख कागदावर लिहून द्यावी, कारण दुखणे थांबले की फेरी टळते आणि विसरलेल्या स्टेंटवर काही महिन्यांत खड्याचेच थर चढतात.