स्टँडबाय वीजवापर, इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचा (कोकण)

रिमोटने बंद केलेला टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राऊटर, कॅमेरे ही उपकरणे काम नसतानाही वीज खातात. ही वीज म्हणजे स्टँडबाय वीजवापर. साध्या उपकरणांपुरता हा प्रश्न बराचसा सुटला आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे ॲलन मायर यांनी १९९८ मध्ये एक वॅटची मर्यादा सुचवली. युरोपीय संघाने २०१३ मध्ये ती बहुतेक उपकरणांसाठी अर्ध्या वॅटवर आणली. नेटवर्कवरच्या उपकरणाला मात्र गाढ झोपता येत नाही. मोबाईलवरून हाक आली तर ओ द्यायची म्हणून त्याचा नेटवर्कचा भाग जागा राहतो. त्यामुळे अशा उपकरणांना युरोपातही सवलत मिळाली: २०१५ मध्ये ६ वॅट, २०१७ मध्ये ३, २०१९ मध्ये २. राऊटरसारख्या, इतरांना जोडून ठेवणाऱ्या उपकरणांना ८ वॅट.

राऊटर तर कधीच झोपत नाही. घरात कोणी असो-नसो, आपले नाव तो सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारत असतो. सेट-टॉप बॉक्सचे वागणे याहून फसवे. लाल दिवा लागला की बंद झाला असे वाटते. पण बऱ्याच बॉक्समध्ये फक्त टीव्हीकडे जाणारे चित्र थांबते. ट्यूनर चालूच राहतो आणि छपरावरच्या छत्रीतल्या एलएनबीला (उपग्रहाचा संकेत टिपणाऱ्या भागाला) केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट जातच राहतात. बॉक्सला हात लावून पाहावा, कोमट लागतो.

एक वॅट वर्षभर चालला तर ८.७६ युनिट होतात. राऊटर, बॉक्स आणि ‘क्विक स्टार्ट’ (बटण दाबताच झटकन सुरू होण्याची सोय) चालू ठेवलेला टीव्ही मिळून २० वॅट धरले, तर वर्षाला सुमारे १७५ युनिट, म्हणजे महिन्याला पंधराच्या आसपास. गणपती आणि शिमग्यालाच उघडणाऱ्या चाकरमान्यांच्या घरात हे युनिट महावितरणच्या शंभरपर्यंतच्या स्वस्त टप्प्यातच राहतात, स्थिर आकार तर कुलूप असले तरी येतोच. बिलातली बचत म्हणून याचा फार गाजावाजा करण्यात अर्थ नाही. राहत्या घरात वापर शंभरच्या काठावर असेल, तर मात्र तेच पंधरा युनिट महागड्या टप्प्यात जातात.

किनाऱ्यावर खरा फरक पडतो तो इन्व्हर्टरवर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात. प्रत्यक्षात त्याहून कमी हाती लागतात. पावसात फांदी तारेवर पडून दिवसभर लाईट गेली, तर वरचे २० वॅट चोवीस तासांत जवळपास अर्धे युनिट संपवतात. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळेच. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी तेवढ्या विजेत रात्री पंखा चालतो.

उपाय साधे आहेत. आपल्याकडे सॉकेटला बटण असते, ही मोठी सोय. पण टीव्हीच्या शोकेसमागे ते हाताला लागत नाही, म्हणून एक्स्टेंशन बोर्ड पुढे ओढून ठेवावा. टीव्हीच्या सेटिंगमधले ‘क्विक स्टार्ट’ आणि नेटवर्कवरून चालू होण्याची सोय बंद करावी. मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्मार्ट प्लग घेऊन बचत करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तो प्लगही वायफायवर जागाच असतो.

बंद घराची अडचण वेगळी. मेन स्विच पाडून गेले की सगळा प्रश्न मिटत असे. आता मुंबईहून अंगण आणि आंब्याची बाग पाहता यावी म्हणून कॅमेरा आणि राऊटर चालू लागतात, आणि त्या दोघांपायी घरभराची वीज चालू राहते. वायरमनकडून त्यांच्यासाठी स्वतंत्र एमसीबी (मीटरच्या बोर्डातला छोटा स्विच) काढून घेतला, तर बाकीचे घर बिनधास्त बंद करता येते. वळवाच्या गडगडाटात मात्र बटणावर भागत नाही: प्लग उपसावा, आणि बॉक्सची छत्रीकडून येणारी केबलही सोडवावी. आकाशातली वीज त्या वाटेनेही आत येते.