'व्हिच' की 'दॅट': एका नियमाची पार्श्वभूमी

इंग्रजीत संबंधी सर्वनाम म्हणून 'दॅट' आधी रुळले. 'हू' आणि 'व्हिच' मूळचे प्रश्नार्थक. उपवाक्य जोडण्याचे काम त्यांच्याकडे बऱ्याच नंतर आले. त्यातही 'हू' सर्वांत उशिरा, सोळाव्या शतकाच्या सुमारास सर्रास दिसू लागले. माणसासाठी 'हू' आणि वस्तूसाठी 'व्हिच' ही वाटणी तेव्हा पक्की नव्हती. 1611 च्या इंग्रजी बायबलातली प्रार्थना 'अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन' अशीच सुरू होते.

1711 मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाने 'हू' आणि 'व्हिच' यांच्या नावाने एक विनंती-अर्ज छापला. काल आलेल्या 'दॅट'ने आमची जागा बळकावली, अशी त्यात तक्रार होती. वयाचा हिशेब साफ उलटा. पण कोणते सर्वनाम शिष्ट आणि कोणते गावठी, हा वाद तेव्हापासून पेटलेला आहे.

आज विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त छळणारा नियम मात्र अलीकडचा. ओळख पटवणाऱ्या उपवाक्यात 'दॅट' आणि जादा माहिती देणाऱ्या उपवाक्यात स्वल्पविरामासह 'व्हिच', असा तो नियम. एकोणिसाव्या शतकातल्या काही व्याकरणकारांनी त्याची चाचपणी केली होती. 1906 मध्ये दोन इंग्रज भावांनी तो आपल्या पुस्तकात नीट मांडला आणि 1926 मध्ये त्यांतल्या थोरल्याने आपल्या कोशात पुन्हा घेतला. तिथे तो चक्क सूचना म्हणून येतो: लेखकांनी अशी वाटणी मान्य केली तर स्पष्टता वाढेल. बहुतेक लेखक, किंवा उत्तम लेखक, तसे लिहीत नाहीत, हे कोशकाराने त्याच नोंदीत कबूल केले आहे. ही कबुली पुढच्या पुस्तकांनी गाळली आणि उरला तो फक्त हुकूम. माझ्या मते सगळा गोंधळ इथेच झाला.

अमेरिकेत संपादकांनी तो हुकूम मनापासून पाळला. त्याच अमेरिकेत 8 डिसेंबर 1941 रोजी राष्ट्राध्यक्षांनी युद्धाच्या भाषणात 'अ डेट व्हिच विल लिव्ह इन इन्फमी' म्हटले. तारखेची ओळख पटवणारेच हे उपवाक्य. नियमाप्रमाणे तिथे 'दॅट' हवे होते. ते वाक्य चुकीचे आहे, असे कोण म्हणेल? पुढे संगणकातल्या व्याकरण-तपासनीसांनी अशा 'व्हिच'खाली रेघ ओढायला सुरुवात केली. 1961 आणि 1990 च्या दशकातला अमेरिकी छापील मजकूर शेजारी ठेवला तर ओळख पटवणारे 'व्हिच' झपाट्याने घटलेले दिसते. ब्रिटिश लेखनात ते अजून बऱ्यापैकी टिकून आहे.

खरा अर्थभेद स्वल्पविरामात आहे. 'माय ब्रदर, हू लिव्ज अब्रॉड, कॉल्ड' यात भाऊ एकच असल्याचे सुचते. स्वल्पविराम काढले की भाऊ अनेक, आणि त्यांतला परदेशातला कोणता ते सांगणे सुरू होते. दोन्ही वाक्यांत सर्वनाम 'हू'च. शिकवण्याचा वेळ या स्वल्पविरामावर घालवावा. तिथे 'व्हिच'ऐवजी 'दॅट' मात्र चालत नाही, तेवढा भाग पाळावाच लागतो. बाकी 'व्हिच' लिहिले म्हणून गुण कापायला इंग्रजीच्या इतिहासात आधार नाही.