स्थलांतरित म्हणजे आजारी, हा समज किती खरा?

बाहेरून आलेली माणसे आजार घेऊन येतात, हा समज अमेरिकेत शतकाहून अधिक काळ टिकून आहे. मृत्यूच्या नोंदी मात्र उलटेच सांगतात. २००६ च्या सरकारी आकडेवारीनुसार तिथल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, लोकांचे सरासरी आयुर्मान ८०.६ वर्षे, तर गोऱ्यांचे ७८.१ वर्षे होते. आणि उत्पन्न व आरोग्यविमा दोन्हींत मागे असलेल्या या समाजातही हा लाभ मुख्यतः परदेशात जन्मलेल्यांमध्येच दिसतो.

घरदार सोडून परमुलखात कष्ट उपसायला सहसा धडधाकट माणूसच निघतो, हे त्याचे एक कारण. धूम्रपानाचे कमी प्रमाण हे दुसरे, आणि माझ्या मते अधिक वजनदार. यावर आक्षेप असा, की आजारी माणसे मरायला मायदेशी परततात, त्यामुळे त्यांचे मृत्यू अमेरिकेत मोजलेच जात नाहीत. शंका रास्त होती. म्हणूनच १९९९ मध्ये संशोधकांनी राजकीय कारणांमुळे परतू न शकणारे क्युबन आणि अमेरिकेच्याच ताब्यातील प्वेर्तो रिको या बेटाचे मूळ रहिवासी तपासले; त्यांचे बेटावरील मृत्यूही अमेरिकेच्याच नोंदीत धरले जातात. दोन्ही गटांत मृत्यूदर कमीच निघाला.

अर्थात हे सरसकट खरे नाही. अमेरिकेतील क्षयाचे बहुतांश रुग्ण परदेशात जन्मलेले असतात, पण त्यांपैकी बहुतेकांत पूर्वीचा सुप्त संसर्ग पुढे उफाळलेला असतो. मधुमेह आणि हृदयविकार दक्षिण आशियाई लोकांमध्ये गोऱ्यांपेक्षा अधिक आढळतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांनी वरील आकडे स्वतःला लावून घेऊ नयेत. शिवाय मुक्काम लांबतो तसा आहार बदलतो, वजन वाढते आणि ही आघाडी हळूहळू घटत जाते.